एकाचं माप

"साखर वाढली, रक्तदाब वाढला, तरी रोज बर्गर? पैसे वर आलेत का? घरी चार घास शिजवता येत नाहीत?" डॉक्टरीणबाई उखडल्या.

मीही चिडलो. "बाई, कारखान्याच्या कँटीनमध्ये शेकडो माणसं जेवू घातलीत मी!"

त्याच तावात घरी येऊन भाजी टाकली. हात सवयीने चालत राहिला आणि पातेलं काठोकाठ भरलं. बायको होती तेव्हा हसत शेजारी वाटून यायची. आता शेजारी कोण राहतं, तेही मला ठाऊक नाही. दोन दिवस तेच गिळलं. उरलेलं आंबलं, फेकून दिलं.

आज पुन्हा बर्गरच्या दुकानात बसलोय. बाईंना काय जातंय सांगायला! बर्गर महाग पडतो, तब्येतही खातो. पण एका माणसापुरताच असतो. मागे काही उरत नाही.