पाल्याचं वजन

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. भाजीबाजार मी कधी पाहिला नाही. माझं आयुष्य गेलं पोंभुर्ण्याच्या जंगलात पाला तोलण्यात. हसू नका! कुठे किती पाला साठतो, हे दरवर्षी मोजणारं एक पथक होतं. मजूर सोमाजी दोरीने चौकोन आखायचा, त्यातला पाला पोत्यात भरून माझ्या हुकाला लटकवायचा आणि साहेब वहीत लिहायचे.

नाल्याकाठी पाला ओला, कुजलेला असे. खडकाळ टेकडीवर जेमतेम मूठभर मिळे. सागाखाली उन्हाळ्यात माझी स्प्रिंग दुखून येई, आणि पावसाळ्यात तो कुजून सरला की तिथेच मी नुसता डुलत राही.

१९८४ साली बांबूचं एक बेट फुललं आणि वाळलं. पुढच्या फाल्गुनात त्या बेटातलं पोतं लटकवताच माझा काटा शेवटच्या खुणेवर आदळला.

"साहेब, हे तं बारूद होय!" सोमाजी म्हणाला.

साहेब मात्र खूश झाले. असं वजन आजवर आलं नव्हतं! त्यांनी ते लाल शाईने लिहिलं आणि वही मिटली. सोमाजीनेही पोतं रिकामं केलं आणि दोरी गुंडाळली. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

कारण बेटाला लागूनच मोहाची झाडं होती. फुलं नीट वेचता यावीत म्हणून बायका झाडाखालचा पाला जाळतात. सोमाजीची थोरली बहीण ठमाबाई वर्षानुवर्षं जाळत आली होती, आणि आग हिरव्या बेटाच्या कडेला आपोआप विझायची. बांबू वाळलाय हे तिलाही दिसत होतं. पण आतला पाला कुणी हलवू नये म्हणून पथकाने बेटाला काटेरी कुंपण घातलं होतं. आत गुडघाभर पाला साचलाय, हे तिला कसं कळावं? चैत्रातल्या एका सकाळी तिने काडी लावली.

आग विझली नाही. बांबू फटाफट फुटू लागले. मी सोमाजीच्या खांद्यावर होतो. तो तसाच धावत सुटला. "बाई! बाई वो!" धुरात काही दिसेना. माझं लोखंड तापलं, पण भीती त्याची नव्हती. ठमाबाई सापडली नाही तर?

ती नाल्याच्या ओल्या पाल्यात पडलेली सापडली. जीव होता, पण दोन्ही पाय पोळले होते.

"पाला किती हाय ते तुले मालूम होतं ना?" तिने विचारलं. "मंग मले काऊन नाई सांगतलं?"

सोमाजीने मला खाली टाकलं आणि तिला पाठीवर उचललं.

आता मी एका कपाटात गंजत पडलो आहे. मला तेलपाणी करा, असा माझा हट्ट नाही. पण मित्रांनो, कधी जंगल मोजायला गेलात, तर वजन आधी मोहाखालच्या बाईला सांगा. वहीत नंतर लिहा.