न ऐकलेलं पान

मोठ्या बाईंना अक्षरं जेमतेम लागायची. म्हणून रंगाच्या कारखान्याचा प्रत्येक कागद मुलगा मोठ्यानं वाची, मगच त्या सही करत.

कारखान्यानं वस्तीला दवाखाना बांधून दिला. उद्घाटनाला आलेल्या धोबिणीनं बाईंचे हात धरले. "बाई, उपकार झाले. या हातांना मलम तरी मिळेल."

तिच्या बोटांची सालं निघाली होती. नखांत ओढ्याच्या पाण्याचा निळा रंग होता, बाईंच्याच कारखान्याचा.

बाईंना ते पान आठवलं. उन्हाळ्यात मुलगा वाचत होता, "पाणी गाळायचं यंत्र सहा महिने बंद ठेवून रंगाचं पाणी थेट ओढ्यात..." तेव्हा त्यांनीच त्याला तोडलं होतं, "पुरे तुझं रडगाणं! सही कुठे करू?"

"आई, फीत काप. फोटोवाले खोळंबलेत," मुलगा कुजबुजला.

"खोळंबू देत. कचेरीतून ते पान आण आणि हिच्यासमोर वाच."

"चारचौघांत?"

"दवाखान्यावर माझं नाव काय चोरून लिहिलंस? आण! आणि यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत कारखान्याला कुलूप."

मुलानं पान शेवटपर्यंत वाचलं. बाईंनी धोबिणीचा हात सोडला नाही, पण मान वर करून तिच्याकडे बघणं काही त्यांना जमलं नाही.