बंद करण्याचा सल्ला

नेब्रास्कातल्या त्या गावात पायी हिंडणारं माणूस म्हणजे गुलरीझ एकटीच. बाकी सगळे गाडीतून उतरायचे ते थेट दारात. फुटपाथही तिथे लहरी होता. चांगला चालत असताना मध्येच संपायचा आणि पुढे नुसतं गवत. ती गवतातून चालायची. सप्टेंबरात एकदा पोलिसाची गाडी तिच्या शेजारी येऊन हळू झाली.

"सगळं ठीक आहे ना? गाडी बंद पडली का कुठे?"

"नाही. मी चालतेय."

"कुठे निघालीस?"

"कुठेच नाही. नुसतीच."

पोलिसाला यात गुन्हा काही सापडेना. "बरं, सांभाळून," म्हणाला आणि तरीही कोपऱ्यापर्यंत तिच्यामागे येत राहिला.

गुलरीझ तुर्की मुलगी, इझमीरची. तिथल्या विद्यापीठात व्यवसाय व्यवस्थापन शिकत होती आणि एका सत्रासाठी इकडे आली होती. ऑगस्टात आली, डिसेंबरात परत. इथल्या मुलामुलींची चार वर्षांची बैठक होती, त्यांची भांडणंसुद्धा निवांत चालत. गुलरीझला मात्र आल्या दिवसापासून आपण फलाटावर उभे आहोत असं वाटत होतं. वाचायला बसली की खिडकीशी जायची, खिडकीशी गेली की चपला शोधायची.

"तुझं बूड कधी टेकतं का गं?" तिची खोलीतली सोबतीण टेनली विचारायची. टेनली जवळच्याच एका खेड्यातली, गोरी, गोलमटोल, कुणाचंही दुःख ऐकलं की डोळ्यांत पाणी आणणारी.

"गावाकडं मी अशी नाही," गुलरीझ सांगायची. पण ते खोटं होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं.

आयदिनच्या बाजूला तिच्या बाबांची सुक्या अंजिरांची वखार होती. आजोबांनी काढलेली, बाबांनी वाढवलेली. थोरला भाऊ ओक्ताय जर्मनीत डॉक्टर झाला आणि तिकडचाच झाला, तेव्हापासून घरात कुठलाही प्रश्न निघाला की बाबांचं एकच उत्तर असायचं: "गुलरीझ शिकून येऊ दे, मग बघू." नवं यंत्र घ्यायचं? गुलरीझ येऊ दे. छप्पर बदलायचं? गुलरीझ येऊ दे. ती यायला तयार आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. तिनेही कधी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. ते ओझं ती लहानपणापासून उचलून चालत होती. आता त्याचं वजन कळायला लागलं होतं, इतकंच.

त्या सत्रात लहान धंद्यांवर एक विषय होता. प्राध्यापक लिंडक्विस्ट यांनी तिघातिघांचे गट पाडले. प्रत्येक गटाने गावातला एक धंदा निवडायचा, त्याचा अभ्यास करायचा आणि नोव्हेंबरात भर वर्गात, खुद्द मालकासमोर, त्याने पुढे काय करावं ते सांगायचं. गुलरीझच्या गटात टेनली होती आणि ब्रॉक होता. ब्रॉक म्हणजे बुटांच्या नाड्यांनाही इस्त्री करत असेल असा मुलगा. त्याला न्यूयॉर्कला जाऊन बँकेत मोठं व्हायचं होतं आणि त्याच्या मते तो ऑलरेडी निम्म्या वाटेवर होता.

"स्केटिंगचा हॉल घेऊ या," टेनली म्हणाली. "माझे लहानपणचे सगळे वाढदिवस तिथे झालेत."

हॉल गावाच्या टोकाला होता. लांबलचक पत्र्याची इमारत, आत लाकडी जमीन, छताला आरशांचा गोळा. मालकीण व्हर्लीन होस्टेटलर सत्तरी ओलांडलेली. हा हॉल तिच्या नवऱ्याने, मर्लने, स्वतःच्या हाताने बांधलेला. तो वारल्यावर ती एकटीच चालवत होती. तिघं पहिल्यांदा गेले तेव्हा ती काउंटरमागे बसून भाड्याच्या बुटांमध्ये औषध फवारत होती.

"कॉलेजची पोरं का? या. पायांचे नंबर सांगा."

"आम्ही खेळायला नाही आलो, मिसेस होस्टेटलर," ब्रॉक म्हणाला. "काही प्रश्न विचारायचेत."

"मग विचार की. प्रश्न चाकांवर उभं राहूनही विचारता येतात."

गुलरीझने जन्मात चाकांचे बूट घातले नव्हते. कठडा सोडला आणि ती सपशेल आडवी झाली. टेनली धावली, पण व्हर्लीनने काउंटरमागूनच तिला थांबवलं. "उचलू नकोस तिला. पोरी, आधी गुडघ्यावर ये. हां. आता एक पाय. घाई कुणाला आहे?"

घाई गुलरीझलाच होती, जन्मापासून. पण त्या दुपारी तिला एक गोष्ट कळली: गोल गोल फिरत राहिलं की कुठे पोचायचं नसतं. मग ती दर बुधवारी जायला लागली. हॉल रिकामा असायचा. व्हर्लीन तिच्यासाठी एकटीसाठी गाणी लावायची, आणि गुलरीझ घामाघूम होईपर्यंत फिरायची. त्यानंतर तासभर तरी तिच्या पायांना स्वस्थता मिळायची. निघताना व्हर्लीन तिला फुकट पॉपकॉर्न द्यायची. "घे. नाहीतर टाकूनच द्यायचेत."

त्यामुळे ऑक्टोबरात तिघं अहवाल लिहायला बसले तेव्हा ठिणगी पडली.

"सरळ आहे," ब्रॉक म्हणाला. "हॉल बंद करायचा, जागा विकायची. तोट्यात आहे. छप्पर गळतंय. येतंय कोण तिथे?"

"मी जाते," गुलरीझ म्हणाली.

"तू डिसेंबरात जाणार आहेस."

हे तिच्या वर्मी लागलं. ती तिरीमिरीने उठली. "तुम्हा लोकांना काहीही झालं की विकायचंच सुचतं! त्या बाईच्या नवऱ्याने बांधलंय ते. शाळांना बोलवता येईल, म्हाताऱ्यांसाठी सकाळचे वर्ग काढता येतील..."

"ते वर्ग घेणार कोण? तिचा खुबा बदललाय, गुलरीझ. जिना चढताना बघितलंयस तिला?"

बघितलं होतं. तिने टेनलीकडे पाहिलं. टेनलीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "मला तो हॉल खूप आवडतो," ती हुंदके देत म्हणाली, "पण मी स्वतः नववीनंतर गेलेच नाही गं तिथे. ब्रॉकचंच बरोबर आहे."

दोनास एक. वर ब्रॉक म्हणाला, वर्गापुढे बोलायचं गुलरीझनेच. "तुझ्या तोंडून वाईट बातमीसुद्धा गोड वाटते."

"म्हणजे विष तुझं आणि चमचा माझा," गुलरीझ म्हणाली. पण शेवटी उभी तीच राहिली.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी व्हर्लीन पहिल्या रांगेत बसली होती. चर्चला जाताना घालायचा निळा कोट, मांडीवर पर्स. शेजारी तिचा मुलगा रॉडनी, बापासारखा रुंद खांद्यांचा, हाताची घडी घालून. गुलरीझ बोलली. आपलाच आवाज तिला परका वाटत होता. "आमचा सल्ला असा आहे की हा हॉल बंद करावा," हे वाक्य आलं तेव्हा वर्गातली चुळबुळ थांबली. रॉडनीने मान खाली घातली. व्हर्लीन उठली, "थँक यू," म्हणाली आणि काठी टेकत बाहेर गेली. मागून टाळ्या वाजल्या. प्राध्यापक लिंडक्विस्ट काही चांगलं बोलत होते. गुलरीझने ते ऐकलंच नाही. ती जाकीट न घालताच धावली.

व्हर्लीन गाड्यांच्या आवारात आपल्या जुन्या ट्रकला टेकून उभी होती. मुलगा मागून येण्याची वाट बघत असावी.

"मिसेस होस्टेटलर, मला माफ करा. मला ते म्हणायचं नव्हतं."

"माफ कशाबद्दल करू?"

"तुमच्या नवऱ्याचा हॉल आम्ही..."

"ऐक," व्हर्लीन म्हणाली. "मर्ल गेला ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मला तो हॉल बंद करायचाय."

वारा कापत होता.

"मग... केला का नाही?"

"कुणी विचारलं मला? दुकानात जा, चर्चमध्ये जा, जो तो म्हणतो, 'व्हर्लीन, तू आहेस म्हणून गावाला शोभा आहे गं.' आणि हेच लोक आपली पोरं घेऊन दुसऱ्या गावच्या ट्रॅम्पोलीनवर उड्या मारायला जातात. रॉडनीला वाटतं हॉल गेला तर आई खचेल. मला वाटतं बापाची आठवण गेली तर पोरगा खचेल. दोघं एकमेकांची मनं जपत बसलोय, आणि छप्पर गळतंय." तिने पर्समधून रुमाल काढून नाक पुसलं. "दूर दक्षिणेत, टूसॉनला माझी बहीण राहते. तिच्या अंगणात लिंबाचं झाड आहे. त्याच्याखाली काहीही न करता बसायचंय मला. जमतंय का बघायचंय. मलाही तुझ्यासारखी एका जागी बसायची सवय नाही. पण बाई, आता पाय दुखतात."

तेवढ्यात रॉडनी आला. आईचा चेहरा बघून त्याला काय कळलं कोण जाणे. तो नुसता तिला धरून उभा राहिला. गुलरीझ तिथून निघाली आणि चालत सुटली. मक्याची शेतं कापून झाली होती. त्या उघड्या रानाच्या कडेने ती गाव मागे पडेपर्यंत गेली आणि तशीच परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. आन्ने, म्हणजे आई, फोनवर आली, जेवणाखाण्याची चौकशी झाली. "आन्ने, बाबांना दे जरा."

"बोल, माझ्या लेकी. अभ्यास?"

"बाबा, एक विचारू? ही वखार तुम्हाला चालवायची आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे, तुम्हाला. आजोबांनी काढली म्हणून नाही, माझ्यासाठी म्हणून नाही. तुम्हाला स्वतःला."

मग बाबांचा आवाज चढला. "हे शिकवतात का तिकडे? बापाला असले प्रश्न विचारायला? तीस वर्षं मी काय झक मारली? तू ये आधी, मग बघू!" आणि फोन बंद.

त्यानंतर बाबा फोनवर येईनात. आन्ने हळू आवाजात बोलायची. "काय बोललीस गं त्यांना? सकाळी वखारीत जातात आणि दुपारीच परत येतात. अंगणात बसून राहतात. काल मला म्हणाले, 'मी तिला कधी विचारलं होतं का गं?' मी विचारलं, काय? तर म्हणाले, 'काही नाही, चहा दे.'"

गुलरीझची तगमग दुप्पट झाली. आपण एका घराचं कुलूप उघडायला गेलो आणि दुसऱ्याचं दारच मोडून बसलो, असं तिला वाटायचं. टेनली म्हणायची, "रड की जरा, बरं वाटेल." पण गुलरीझला रडता येत नव्हतं, चालता येत होतं.

हॉलचा शेवटचा रविवार डिसेंबरात होता. ही बातमी गावभर झाली आणि दुपारी गाड्यांना उभं राहायला जागा उरली नाही. आजोबा नातवंडांना घेऊन आले, लग्नाआधी इथेच भेटलेली जोडपी आली. बूट कमी पडले. ब्रॉक बाह्या सरसावून काउंटरमागे उभा होता, नंबर ओरडत होता, बूट देत होता. त्याच्या पांढऱ्या शर्टावर काळे पट्टे उमटले होते.

"तू इथे?" गुलरीझने विचारलं.

"बंद करा म्हटलं होतं. मदत करणार नाही असं कुठे म्हटलं होतं?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "नंबर?"

मग व्हर्लीनने माइक घेतला. काहींनी आधीच रुमाल काढले होते.

"एवढी गर्दी तुम्ही आधी केली असतीत," ती म्हणाली, "तर मी इथेच अडकून पडले असते. बरं झालं, नाही आलात!"

आधी कुणाला हसावं की नाही कळेना. मग रॉडनीच मोठ्याने हसला, आणि सगळा हॉल हसला. व्हर्लीनने गाणं लावलं. गुलरीझ त्या गर्दीत घुसली, एकदा पडली, गुडघ्यावर आली, उठली. कुणीतरी अनोळखी म्हाताऱ्याने तिचा हात धरला आणि दोघं गाणं संपेपर्यंत बरोबर फिरत राहिले.

इझमीरच्या विमानतळावर बाबा एकटेच आले होते. त्यांनी तिचं कपाळ चुंबलं, बॅग उचलून गाडीत ठेवली. चौकातल्या सिग्नलला थांबले तेव्हा त्यांची बोटं स्टिअरिंगवर ताल धरून वाजत होती. गुलरीझचा पाय त्याच लयीत हलत होता. हे तिला आज पहिल्यांदा दिसलं.

"मी विचार केला," बाबा समोर बघत म्हणाले. "मला अंजिरं आवडतात. पोती, हिशेब, व्यापाऱ्यांची कटकट नाही आवडत. झाडं आवडतात. एवढं कळायला मला महिना लागला." मग त्यांनी विचारलं, "आणि तू? तुला हवी आहे का वखार?"

इतकी वर्षं ती ज्या प्रश्नाची वाट बघत होती तो आला होता.

"माहीत नाही, बाबा."

"खरं?"

"खरंच माहीत नाही."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. बाबा तिच्याकडे वळून बघत होते, गाडी हलवत नव्हते.

"आपल्या घरात हे वाक्य आजवर कुणी बोललं नाही," ते म्हणाले. "तुझे आजोबा तर मरेपर्यंत नाही."

"बाबा, चला ना. लोक शिव्या देताहेत."

"देऊ देत," बाबा म्हणाले, आणि मग सावकाश गिअर टाकला.