आखाडातला ताप

जोतीराम माझा चुलतभाऊ. मिलमध्ये आम्ही एकाच खात्यात, राहायलाही एकाच चाळीत. वैशाखात त्याचं लगीन झालं आणि आखाड लागायच्या आधी वच्छलावहिनी सांगोल्याला माहेरी गेली. नव्या नवरीनं पहिल्या आखाडात सासूचं तोंड बघायचं नसतं. यात नवऱ्याचं काय होतं ते कुणी विचारत नाही.

जोतीनं अंथरूण धरलं. त्याला वाटलं, नवरा आजारी म्हटल्यावर आखाड गेला खड्ड्यात, बायकोला बोलावून घेतील. आधी नुसती कणकण होती. मग कसकस झाली. मग पोटात कळ. काखेत कांदा धरला की अंग तापतं म्हणतात, तेही केलं. मिलमधला जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, म्हणाला, खाड्याचा ताप असेल. मी तर जोतीला तोंडावर सांगितलं, हे सोंग आहे. तर म्हणाला, हळू बोल, आई ऐकंल.

त्याची आई, मथुराकाकी, साधी बाई. तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, काडेचिराईत उकळून पाजला. जोती वाकडं तोंड करून प्याला, पण सुनेचं नाव काही निघेना. शेवटी निघालं ते शेजारच्या शांतम्माच्या तोंडून. तिनं विचारलं, लग्नाआधी पोरगं कधी असं पडलं होतं का? काकी विचारात पडली. नव्हतं पडलं. मग सुनेचा पायगुण, दुसरं काय, शांतम्मा म्हणाली. दोघींचं ठरलं, सून राहू दे सांगोल्यालाच, पुढचं पुढं बघू.

जोती ताडकन उठून बसला. म्हणाला, मला बरं वाटतंय.

"बघा," शांतम्मा म्हणाली, "तिला आणायची न्हाय म्हटलं की उतार पडला."

जोती परत आडवा झाला. अजून दुखतंय म्हणाला.

"लांब राहूनबी पिच्छा सोडंना की," काकी म्हणाली.

आता त्याला घाम फुटला, तो मात्र खरा. बरा झाला तरी वहिनी वाईट, पडून राहिला तरी वहिनीच वाईट. शेवटी म्हणाला, आई, मला काही झालेलं नाही, सगळं सोंग होतं. काकीनं डोळ्याला पदर लावला. वात झाला, पोरगं बरळायला लागलं. पोटावर डाग द्यायला शांतम्मानं चुलीत विळा घातला. विळा लाल होत चालला तसा जोतीनं काखेतला कांदा काढून आईच्या हातात दिला.

काकीनं तो हुंगला.

"मग का पडून हुतास?"

दारात चाळीतल्या बायका जमल्या होत्या. दुखण्याची इतकी नावं सापडली होती त्याला, आता एकही कामाचं नव्हतं. खाली बघून म्हणाला,

"करमत न्हाय मला. तिच्याबिगर."

असं कुणी आईसमोर बोलत नाही. आमच्या चाळीत तर बायकोसमोरसुद्धा नाही. शांतम्मानं विळा ओढून बाजूला ठेवला. काकीनं कांदा परत टोपलीत टाकला.

"आखाड पाळायलाच लागंल," ती म्हणाली. "पण पायगुणाचं नाव परत कुणी काढायचं न्हाय."

श्रावण लागला तसं वहिनीला आणायला मलाच धाडलं. काय सांगू म्हणून विचारलं, तर काकी म्हणाली, त्यानं सांगितलं तेच सांग, सगळ्यांदेखत. वाटभर घोकत गेलो. सांगोल्यात वहिनीचे वडील समोर बसले, जावयाची तब्येत विचारली. वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. माझी जीभच उचलेना. म्हणालो, काकीनं बोलावलंय.

वडील बैलांना पाणी दाखवायला उठले तेव्हा तिला खरं ते सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली, आणि ती मलाच खावी लागली.