जिव्याचं कार्ड

बोईसरच्या कारखान्यात चहाच्या मशीनला स्मार्ट कार्ड जोडलं ते ऑफिसातल्या प्रतीक्षानं. माणशी एक कार्ड आणि कार्डावर दिवसाला दोन कप फुकट. आता एकाचा चहा दुसरा पिऊच शकत नाही, असं तिनं मालकांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

तीन महिन्यांनी कार्डांच्या नोंदी काढल्या, तर एकही दिवस न चुकलेला माणूस एकच निघाला, पॅकिंगमधला जिव्या. असा नियमित कामगार शोधून सापडत नाही, म्हणून मालकांनी शाल-श्रीफळ मागवलं.

ते घेऊन प्रतीक्षा पॅकिंगमध्ये गेली.

"जिव्या भातलावणीला गावी गेलाय, महिना झाला," तिथली सोमी म्हणाली. "आन् तो चहा पीतच नाय."

"मग त्याचं कार्ड?"

सोमीनं बोट दाखवलं. मशीनशेजारच्या खिळ्याला सुतळीनं कार्ड टांगलेलं होतं. "पयल्या दिवशीच लावलंय त्यानं. ज्याला दोन कप कमी पडतील त्यानं घ्यावा, बोलला."

प्रतीक्षा खिळ्याजवळ गेली. तिचे आजचे दोन्ही कप सकाळीच संपले होते. नारळ काखेत धरून तिनं कार्ड काढलं आणि मशीनला टेकवलं. चहा आला.

"मॅडम," सोमी म्हणाली, "कार्ड परत खिळ्याला लावा."