लॉकर दोघांच्या नावावर

सलबियाने किल्ली बँकेच्या काउंटरवर आपटली.

"किल्ली माझी, सही माझी, भाडं मी भरते. आणि लॉकर मलाच उघडायचा नाही?"

"मावशी, लॉकर दोघांच्या नावावर आहे ना," काउंटरवरची मुलगी खालच्या आवाजात म्हणाली. "काकांना कोर्टाने दिवाळखोर ठरवलंय. आता सरकारी अधिकारी समोर असल्याशिवाय कुणालाच उघडता येत नाही."

"दिवाळं त्यांचं निघालं. मी काय केलंय?"

मुलीने एक छापील कागद पुढे सरकवला. सलबियाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मलेशियातल्या कोटा भारू शहरात सत्तावीस वर्षं ती नवऱ्या मुली सजवत होती. मुकुट, केसांतली सोन्याची फुलं, कमरपट्टे, एकेक दागिना तिने स्वतःच्या कमाईतून केलेला. घरात चोरी झाल्यावर तिने ते सगळं बँकेत ठेवलं, आणि उद्या आपलं काही बरंवाईट झालं तर म्हणून नवऱ्याचं, दरामानचं, नावही घातलं. त्याच दरामानने मित्राच्या लॉरीच्या कर्जाला जामीन राहून सही ठोकली. मित्र सीमा ओलांडून थायलंडात पसार झाला.

शनिवारच्या लग्नासाठी तिला मुकुट भाड्याने आणावा लागला, तोही जिच्याशी ती दहा वर्षं बोलत नव्हती त्या बाईकडून.

"का गं, तुझे कुठे गेले?" बाईने हसत विचारलं.

"पॉलिशला दिलेत," सलबिया म्हणाली, आणि घरी येऊन नवऱ्यावर बरसली. "सही करताना हात कसा झडला नाही तुमचा?" दरामान भात चिवडत राहिला.

चार अर्ज आणि सहा खेपा झाल्यावर, अकराव्या आठवड्यात लॉकर उघडायची तारीख मिळाली.

"मी बोलेन. तुम्ही तोंड उघडू नका," बँकेच्या पायरीवर तिने दरामानला बजावलं.

दिवाळखोरी खात्याचे लिऊ साहेब एकेक दागिना तिच्या पावतीशी ताडून तिच्याकडे सरकवत गेले. शेवटी मखमली थैलीतून एक पातळशी सोन्याची बांगडी निघाली.

"हिची पावती?"

"माझ्या आईची आहे," दरामान बोलून गेला.

"म्हणजे तुमची. ही कर्जात जाणार," म्हणत लिऊ साहेबांनी बांगडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि वर चिकटवायला चिठ्ठी काढली. दरामानने नुसती मान खाली घातली. सलबियाच्या अंगाची लाही लाही झाली. तो लॉरीवाला तिकडे मजेत, आणि या माणसाच्या मेलेल्या आईची बांगडी सरकारजमा!

"थांबा साहेब. आईची होती, आता माझी आहे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दिलीय यांनी मला."

"काही कागद?"

"नवऱ्याने बांगडी दिली तर पावती मागते का कुणी? तुमच्या बायकोने मागितली होती?"

लिऊ साहेब दरामानकडे वळले. "खरं आहे?"

दुकानदाराने चार नाणी जास्त दिली, तर ती परत करायला बाजारापर्यंत चालत जाणारा माणूस तो. त्याने बांगडीकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "दिली होती."

साहेबांनी दोघांकडे पाळीपाळीने पाहिलं. मग चिठ्ठी चुरगाळून खिशात टाकली आणि पिशवी सलबियापुढे सरकवली.

बाहेर ऊन रणरणत होतं. चार पावलं चालून दरामान थांबला.

"सरकारी माणसापुढे खोटं बोललो मी."

सलबियाने पिशवीतून बांगडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि आपला हात पुढे केला.

"मग खरं करा."