डिसेंबरातली राखी

बाबा खूश होते आणि टीपॉयवर खोका उघडा पडला होता. दोन्ही गोष्टी एकदम दिसल्या तेव्हा सावनी दारातच थबकली. बाबा खूश असले की घरात काहीतरी फुटलेलं, सांडलेलं किंवा खिडकीतून खाली गेलेलं असतं, हा तिचा अलीकडचा अनुभव.

"आली गो!" ते सोफ्यावरून म्हणाले. "तू म्हणत होतीस येणार नाही. पाठवलीन की नाही?" आणि त्यांनी उजवा हात पुढे केला.

मनगटावर काळी कापडी पट्टी होती. तिच्यावर लाल दोऱ्याने विणलेली शिंगांची कवटी, बाजूला इंग्रजी अक्षरं आणि खाली प्लास्टिकचा एक काळा मणी. सावनीला मटकन बसावंसं वाटलं. पण सोफ्यावर बाबा होते आणि खुर्चीवर घड्या न घातलेल्या कपड्यांचा ढीग, म्हणून ती उभीच राहिली.

"कोण आलं होतं, बाबा?"

"पोस्टमन. सही घेतलीन माझी."

पोस्टमन नव्हता, कुरियरवाला होता. सावनी आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून पुण्याच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकली होती, आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली असणार. एरवी ती दाराला आतून कुलूप घालते. आज विसरली. विसरण्याचं खातं घरात एकट्या बाबांकडे असतं तर किती बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं.

गोपाळकृष्ण एकेकाळी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. कुठली फाईल कुठल्या कपाटात आहे हे साहेब त्यांना विचारत. आता हातात कप असताना ते चहा मागत. बायको गेलेली त्यांना कधी आठवे, कधी नाही. बहीण मथुरा गेलेली मात्र अजिबात आठवत नसे, आणि तिची राखी यायची आहे हे मात्र कायम आठवे. बाहेर आंब्याला मोहोर येवो नाहीतर फणस पिको, बाबांच्या डोक्यात श्रावण चालूच. रोज सकाळी बिल्डिंगच्या जिन्याखाली पत्रांच्या पेट्यांपाशी जाऊन ते उभे राहत आणि वर येऊन म्हणत, "आज नाही आली. उद्या येईल."

ती येणार नव्हती, कारण मथुराआत्या जाऊनच बरीच वर्षं झाली होती. आणि त्याच्याही आधी कितीतरी वर्षं तिने राखी पाठवणं बंद केलं होतं. ऐन तिशीत नवरा गेल्यावर मथुराने मंडणगडच्या एका मास्तरांशी पुन्हा लग्न केलं. मास्तर चांगले होते, त्यांच्यात खोट काढायला काही नव्हतं, आणि तरी गोपाळकृष्णांनी तिला पत्र लिहिलं की यापुढे राखी पाठवू नकोस. मूळचं घराणं मुरुडचं, स्वतः विधवेशी लग्न करणाऱ्या महर्षींच्या गावचं, आणि त्या गावच्या माणसाने विधवेच्या लग्नाला तोंड वाकडं करावं! मथुराही त्यांचीच बहीण. पाठवू नकोस म्हटलंत ना, नाही पाठवत. हे सगळं सावनीला आईकडून कळलेलं. बाबांनी त्या पत्राचं नाव उभ्या जन्मात काढलं नव्हतं.

"विकतची नाही हो," बाबा पट्टीवरून अंगठा फिरवत म्हणाले. "विणलीय. मथुरेचा हात आहे. मधे बघ, नंदी काढलाय."

"हो, नंदीच आहे," सावनी म्हणाली आणि खोक्याकडे वळली.

टीपॉयवर सगळं पसरलं होतं. बाटली उघडायची लोखंडी कीचेन, जॅकेटवर शिवायचा पॅच, गिटारचं पिक, स्टिकर, घडी घातलेलं पोस्टर. बंगळूरच्या हेवी मेटल संगीताच्या फेस्टिवलचं तिकीट ज्यांनी लवकर काढलं होतं, त्यांना हा फॅन बॉक्स फुकट होता. सावनीने गणपतीतच काढलं होतं, बाबांना मोदक भरवता भरवता, एका हाताने, मोबाईलवर.

मेटलवाल्यांचं हे एक खूळच आहे. गाणी ऐकावीत आणि घरी जावं, असं त्यांना जमत नाही. तिथली एखादी वस्तू खिशात आल्याशिवाय आपण तिथे होतो यावर त्यांचा विश्वास बसत नाही. सावनीच्या कपाटात अशा वस्तूंचा एक कप्पा होता. कोणा ड्रमरने गर्दीत भिरकावलेली, टोकाला झिजलेली काठी. गळ्यात घालायच्या पट्ट्या. बिअरचा प्लास्टिकचा ग्लास, जो आईने हयात असताना मोहरी ठेवायला घेतला होता आणि सावनीने भांडून परत मिळवला होता. आणि जुने रिस्टबँड, सगळे कात्रीने कापलेले.

कारण रिस्टबँड, म्हणजे बाबांच्या हातात होती तसली पट्टी, कापल्याशिवाय निघत नाही. त्याचा मणी एकाच बाजूने सरकतो. घट्ट होतो, सैल होत नाही. तिकीट वगैरे काही नसतं, तो मनगटावरचा बँड हेच तिकीट. फाटका, कापलेला, नुसता हातात धरलेला चालत नाही. दुसरा मिळत नाही. हे सगळं खोक्यातल्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत छापलं होतं आणि त्या चिठ्ठीची बाबांनी होडी केली होती.

तिने तरी फेस्टिवलवाल्यांना मेल टाकला. माझ्या आजारी वडिलांनी चुकून घातला, दुसरा द्याल का? उत्तर लगेच आलं, इतकं लगेच की ते माणसाने लिहिलेलं नव्हतं हे कळत होतं. त्यात तेच ठळक नियम होते आणि शेवटी 'धमाल करा' असं होतं.

सावनीने राहीला फोन लावला. राही तिची कॉलेजपासूनची मैत्रीण, पुण्याची. दोघींनी मिळून कपाटातला तो कप्पा भरला होता.

सगळं ऐकून राही हसली, मग म्हणाली, "किती घट्ट आहे?"

"फार नाही. मणी अर्ध्यावरच थांबलाय."

"मग साबण लाव आणि काढ. त्या वर्षी मी नव्हता काढला? हात बारीक केला की निघतो."

"त्यांना वाटतंय आत्याची राखी आहे."

"सावने, उद्या त्यांना आठवणारही नाही."

हे खरं होतं. राही वाईट मुलगी नव्हती. गेली दोन वर्षं रोज फोन करून सावनीचं रडगाणं ऐकणारी तीच एकटी होती. सलिल, म्हणजे सावनीचा भाऊ, कॅनडातून रविवारी फोन करून बाबांना बदाम भिजवून द्यायला सांगे.

"आणि आपल्या बँडवाल्यांचा हा शेवटचा दौरा आहे," राही म्हणाली. "पुन्हा ते येणार नाहीत आणि आपणही जाणार नाही."

बंगळूरला गाणार असलेला तो फिनलंडचा बँड सावनी सतराव्या वर्षापासून ऐकत होती. आता ते म्हातारे झाले होते, गायकाच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती, हे शेवटचंच असं त्यांनी जाहीर केलं होतं. पण खरं सांगायचं तर सावनीला नुसतं ते ऐकायचं नव्हतं. तिला तीन दिवस कोणाची लघवी, कोणाची गोळी, कोणाचं कुलूप यातलं काहीच बघायचं नव्हतं. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात उभं राहायचं होतं, म्हणजे आतला आवाज ऐकू आला नसता. चिपळूणची मावसबहीण दीपाली मोठ्या मिनतवारीने तीन दिवस येऊन राहायला तयार झाली होती. गुरुवारी संध्याकाळची गाडी होती. आज मंगळवार.

"काढते," सावनी म्हणाली.

बदली काही द्यावं लागणार होतं, नाहीतर रिकामं मनगट बघून बाबांनी घर डोक्यावर घेतलं असतं. दुकानातली राखी चालत नाही हे तिला माहीत होतं. मागच्या श्रावणात तिने मारुती आळीतून एक झगमगीत राखी आणून मथुराआत्याची म्हणून बांधली होती. बाबांनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "ही विकतची. मथुरा विकतची पाठवत नाही." म्हणून तिने कप्प्यातून जुना एक काळा रिस्टबँड काढला, कापलेली टोकं जुळवली आणि बाबांच्या मनगटाच्या मापाने शिवून त्याचं कडं केलं. हा काढायचा, तो घालायचा. विणलेला तोही होता. नंदीऐवजी त्याच्यावर कुऱ्हाड होती, पण परशुरामाची म्हणून खपली असती.

ती शिवत होती आणि समोर बाबांना राखी येत होती. टीव्ही बघता बघता त्यांची नजर मनगटाकडे जाई, चेहरा उजळे आणि ते म्हणत, "अगो सावने, मथुरेची राखी आली!" थोड्या वेळाने ते विसरत. मग पुन्हा मनगट दिसे. पुन्हा राखी येई. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच. पहिल्या दोन-तीन वेळा सावनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग राग आला. एवढा आनंद या माणसाला तिने केलेल्या कशाचा झाला नव्हता. तिच्या हातचं जेवण, औषधं, रात्रीची जागरणं, सोडलेलं पुणं, कशाचा नाही. आणि जिला यांनी तोडून टाकली तिच्या नावाने हे असे फुलतात! ओवाळणीत काय पाठवायचं, असंही त्यांनी विचारलं. "बघू उद्या," सावनी म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी तिने त्यांना बेसिनपाशी नेलं. त्यांचे हात तीच धुवायची. स्वतः धुताना ते नळ चालू ठेवून पाण्याकडे बघत राहत.

"आज साबण जास्त लावू. माझं मोबाईलचं कव्हर चिकट केलंत ना."

"मी?"

"नाही, मीच."

तिने साबण लावला. तळहात, बोटं, मग मनगट, पट्टीच्या वर आणि खाली. शिवलेलं कडं तिच्या ड्रेसच्या खिशात तयार होतं. तिने मण्याजवळ बोट घालून पट्टी हळूच पुढे ओढली. ती सरकली. अंगठ्याच्या बुंध्याशी येऊन अडली. तिने अजून साबण घेतला.

बाबा खाली बघत होते. एवढ्यात काहीतरी ओरडतील, हात हिसकतील, अशी तिने मनाची तयारी ठेवली होती. जोर लावायचाही तिने ठरवला होता, इतका तिला कंटाळा आला होता.

"मथुरेनं परत मागितलीन काय गो?" त्यांनी विचारलं.

सावनीचे हात थांबले.

"मागणारच," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, हेडक्लार्क एखाद्या अर्जाला 'योग्य आहे' म्हणेल तसा होता. "मीच लिहिलं होतं तिला, पाठवू नकोस म्हणून. तुला नाही ठाऊक. तुझ्या आईला ठाऊक आहे. दे तिची तिला."

आणि त्यांनी हात बारीक केला. अंगठा तळव्यात दुमडला, चारी बोटं जुळवली, कासाराकडे बांगड्या भरताना बायका करतात तसा, आणि तिला सोपं जावं म्हणून तो हात तिच्याकडे ढकलला.

आता नुसतं ओढायचं होतं. साबणाने पट्टी आपोआप येत होती. राहीने सांगितलं तसंच.

"नाही मागितली, बाबा," सावनी म्हणाली. "सैल होती. घट्ट करतेय."

तिने पट्टी मागे मनगटावर सारली आणि मणी ओढला. कट्कट् करत तो पुढे गेला, कातडीला जेमतेम बोट जाईल एवढा. तिथून तो आता मागे येणार नव्हता.

"नक्की नाही मागितली?"

"नक्की. रागावली नाहीये आत्या."

बाबांनी हात नळाखाली धरला आणि मनगट निरखलं. "नंदी छान काढलाय," ते म्हणाले. "भूक लागली. काय केलंयस?"

"कुळथाचं पिठलं."

त्यांना वाढून देऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि राहीला लिहिलं, 'मी येत नाही. तू जा.' मग दीपालीला कळवलं. मग ओट्याला टेकून रडली. वडिलांसाठी नाही, आत्यासाठी तर नाहीच. तिला जायचं होतं. मणी ओढतानाही जायचं होतं आणि आत्ताही होतं, आणि या घरात हे ऐकून लक्षात ठेवेल असं कोणी नव्हतं.

बाहेरून बाबांनी हाक मारली, पिठलं फार चांगलं झालंय म्हणून. तिने तोंड धुतलं आणि आणखी वाढायला भांडं घेऊन गेली.